तिपाईमावशीची गरज

रोल धुऊन फोटो काढायचे, त्या काळातली गोष्ट. लोटलीकर फोटोवाल्यांच्या कपाटात कॅमेरा उभा करायची तिपाई राहायची. एकदा लोटलीकरांचं बोलणं तिच्या कानावर पडलं, "ही नवी लेन्स अंधारातही झटकन फोटो घेते. आता तिपाईची गरज…" आणि कपाटाचं दार लागलं.

तिपाईने शेजारीच ठेवलेल्या नव्या लेन्सला विचारलं, "अगं, गरज आहे की नाही?"

"मला काय ठाऊक, मावशी! मी कालच आले," नवी लेन्स म्हणाली. "मला थोडा उजेड पुरतो, अख्खी खोली नजरेत मावते. जवळचं-लांबचं हवं तर पुढेमागे सरकायचं ते लोटलीकरांनी."

देवळाच्या अंधाऱ्या गाभाऱ्यातले फोटो तिपाईवाचून निघाले. झालं, मावशीला भंगारवाला दिसू लागला.

मग लोटलीकरांच्या मुलीचं केळवण आलं. एवढ्याशा स्वयंपाकघरात सगळी पंगत लेन्सने सामावून घेतली, पण मुलगी रुसली. "बाबा, माझ्या एकाही फोटोत तुम्ही नाही!"

लोटलीकरांनी घाईने तिपाई मांडली, आपोआप फोटो निघायची कळ दाबली आणि लेकीशेजारच्या पाटावर जाऊन बसले.

"मावशी, घट्ट धर गं."

"धरते. पण गाभाऱ्यात मी नकोच होते ना?"

"नव्हतीस हवी."

"आणि इथे?"

"हलू नकोस. बाबा हसतायत."