पोथीतला हळदीचा चंद्र

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा पोथ्या हाताने लिहीत, त्यांतली चित्रेही हाताने रंगवीत. एक पोथी पुरी व्हायला वर्षे लागत, म्हणून लोक तिला पोटच्या पोरीसारखे जपत.

त्या काळी एका गावात हळद शिजवणाऱ्यांची एक मुलगी होती. तिला पोथ्यांचे भारी वेड. पावसाळा सरला की पोथीशाळेचे शास्त्रीबुवा पोथ्या उन्हात पसरत आणि शेळ्या-चिमण्या हाकायला गावच्या मुलांना बसवत. बाकीची मुले डुलक्या काढत. ही मात्र पानांवर डोळे लावून बसे आणि घरी आली की पाहिलेले सगळे कोळशाने भिंतीवर उतरवी. पोरीने एक भिंत कोरी ठेवली नाही, असे आई सगळ्यांना सांगे. पण सांगताना हसे.

एका पानावर तळ्याकाठचे हरीण होते. ते तिला इतके आवडले की न राहवून तिने पानाला बोट लावले. बोट हळदीचे! चित्राच्या आभाळात पिवळा ठिपका उमटला. न धुतल्या हाताने पोथीला शिवेल त्याला पोथीशाळेचे दार कायमचे बंद, असे बुवांनी बजावले होते. मुलगी घाबरली आणि गप्प राहिली.

वर्षे गेली. ती पोथी जीर्ण झाली. नवी प्रत करण्यासाठी राजाने चितारी बोलावले. हरणाच्या पानाची नक्कल ज्याची उत्तम, त्याला जन्मभर पोथीशाळेत चित्रे काढायला मिळणार होती. आता मोठी झालेली ती मुलगीही आली. तिला दुसरे काहीच नको होते.

सगळ्यांनी आभाळात पिवळा चंद्र काढला. एकाने तर त्याला सोन्याचा वर्ख लावला. हिच्या आभाळात मात्र चंद्रच नव्हता.

निवड करणारा राजचितारी तिच्या पानापाशी बराच वेळ थांबला. "पोरी, तुझे हरीण आता उडी मारील असे वाटते," तो म्हणाला. "चंद्र तेवढा राहिला. तो काढ, की जागा तुझी."

एका ठिपक्याचे काम. तिने कुंचला उचलला. पलीकडे म्हातारे शास्त्रीबुवा बसले होते. खरे सांगितले तर दार कायमचे बंद होणार, हे तिला ठाऊक होते. तिने कुंचला खाली ठेवला.

"तो चंद्र नाही," ती म्हणाली. "हरणाची सावली त्याच्या पायाखाली आहे, म्हणजे चित्रात भर दुपार आहे. तो ठिपका माझ्या हळदीच्या बोटाचा आहे. लहानपणी मी पोथीला शिवले होते."

कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा तिने राजचिताऱ्याच्या विड्याच्या डब्यातला चुना मागून घेतला, पाण्यात कालवला आणि काडीने जुन्या पोथीतल्या ठिपक्याच्या कडेला टेकवला. तिथे कुंकवासारखा लाल रंग चढला. हळदीला चुना लागला की काय होते, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होते.

सगळे बुवांकडे पाहू लागले. बुवांनी पान डोळ्यांजवळ धरून तो लाल डाग निरखला.

"आणि मी दरवर्षी प्रवचनात या चंद्राचे गुण गातो," ते म्हणाले. "जा, हात धुऊन ये. काम पुष्कळ पडले आहे."

पुढे तिने जन्मभर चित्रे काढली, आणि ती पाहायला लांबलांबून लोक आले. पोथीशाळेच्या दाराशी तिने पाण्याचे घंगाळ ठेवले. तिथे हात धुऊन गावची पोरे पोथ्यांना खुशाल हात लावू लागली.

तात्पर्य: ज्याचा विद्येवर खरा जीव असतो, तो तिच्यात खोटा ठिपकाही घालत नाही, आणि विद्या त्यालाच आपला म्हणते.