तिठ्यावरच्या भिवराईची चूल

घाटात गाडीरस्ता नव्हता, बैलांचे तांडे पायवाटेनं मीठ घेऊन वर चढायचे, तेव्हाची ही गोष्ट. घाटमाथ्यावर करवंदवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात भिवरा नावाची विधवा बाई राहायची. तिच्या हाताला अशी चव होती की तिनं नुसतं पाणी उकळलं तरी शेजारणी वाटी घेऊन यायच्या, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय! पण स्वयंपाक चांगला करत असणार, एवढं नक्की.

भिवराला एकच लेक, तुळसा. पोर गुणाची, पण तिला तीळ सोसत नसत. तिळाची चटणी जिभेला लागली की ओठ सुजायचे, अंगभर गांधी उठायच्या आणि श्वास कोंडायचा. आता तुम्ही म्हणाल, तिळानं कुणाला काही होतं का? गावातही सगळे हेच म्हणत. कुणी देवीचा कोप म्हणे, कुणी पोरीचे चोचले म्हणे. भिवरानं मात्र एकेक जिन्नस बंद करून पाहिला आणि तीळच तो, हे ओळखलं. त्या दिवसापासून तिच्या घरात तिळाचा दाणा आला नाही.

तुळसाला पूर्वेकडच्या बाजरीच्या मुलखातून स्थळ आलं. बोलणी चालू असताना भिवराच्या ओठांवर कितीदा शब्द आला आणि तिनं तो गिळला. मुलीत खोट आहे म्हणून स्थळ मोडलं तर? लेकीलाही तिनं बजावलं, "गुमान ऱ्हा. तीळ समोर आलं की हळूच बाजूला सार. कुनाला सांगू नगंस." मुलींच्या आया असंच करत आल्या आहेत. पण इथंच सगळं फसलं.

भोगीच्या दिवशी सासूनं तीळ लावलेली बाजरीची भाकरी नव्या सुनेच्या ताटात वाढली. सुनेनं ती बाजूला सारली. सासूनं पुन्हा वाढली. तेव्हा तुळसाला बोलावंच लागलं, "आत्याबाई, मला तीळ सोसत न्हाईत."

"लगीन ठरवताना तुजी आई तर काय बोलली न्हाई," सासू म्हणाली. "सवाष्न असून भोगीची भाकरी नाकारतीस, म्हंजी माज्या घराचं वाईट चिंततीस. जा तुज्या आईकडं."

तुळसा निघाली. माहेरच्या वाटेला लागताना लोकांनी तिला पाहिलंही. पण ती माहेरी पोचलीच नाही. वाट चुकली, की वाटेत कुणी काही खायला घातलं, की आईला काय तोंड दाखवू म्हणून तिसरीकडेच गेली, ते कुणाला कळलं नाही.

हे ऐकून भिवरा रडली नाही, असं म्हणतात. ते काही खरं वाटत नाही. रडली असणार, आणि मग उठली असणार. जिथं घाटाची, देशाची आणि कोकणाची वाट एकत्र येते, त्या तिठ्यावर तिनं जांभळीखाली चूल मांडली. लेक कुठूनही आली तरी इथूनच जाणार. उपाशी असेल, भीतीनं कुणाच्या हातचं खात नसेल. म्हणून भिवरा येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालू लागली आणि पान वाढण्याआधी प्रत्येकाला विचारू लागली, "तुला काय सोसत न्हाई?"

उभ्या जन्मात लोकांना हे कुणी विचारलं नव्हतं. मग एकेकाचं तोंड उघडे. तांडेवाला सांगे, दुधानं पोट गुडगुडतं. गोसावी सांगे, गव्हाची पोळी खाल्ली की मी खंगत जातो. एका कासाराला तर सुकटीच्या वासानंही धाप लागे. भिवरा म्हणायची, "प्वाट दुखनं निराळं आन श्वास कोंडनं निराळं. दुखऱ्या प्वाटाला वाईच चालंल, कोंडल्या श्वासाला कन बी न्हाई." प्रत्येक भांड्याची पळी वेगळी होती. एका भांड्यातली पळी चुकून दुसऱ्यात बुडाली तर ती सगळी आमटी ओतून देई आणि नव्यानं फोडणी घाली.

तिच्या चुलीचा धूर वाऱ्याला न जुमानता पूर्वेकडे, बाजरीच्या मुलखाकडे जायचा, असं म्हणतात. वाट चुकलेली माणसं त्या धुराच्या मागानं येत. सगळी येत, तुळसा तेवढी येत नसे. कुणी उत्तर देईपर्यंत भिवरा पळी धरून थांबायची. तिला एकच शब्द ऐकायचा होता. दुसरंच काही निघालं की मान हलवून ती वाढायला लागायची.

केस पिकले, डोळे गेले. तरी पावलं बाईची वाजली की ती पळी घेऊन उठायची. एका सकाळी तांडेवाले आले तर चूल पेटलेली, आमटी उकळत होती आणि भिवरा नव्हती. ती धुराबरोबर लेकीला शोधायला गेली, असं म्हणतात. त्यानंतरच्या अख्ख्या पावसाळ्यात ती चूल विझली नाही, असंही म्हणतात.

करवंदवाडीत आजही गावजेवणात वाढायला सुरुवात होण्याआधी गावातली एक म्हातारी पंगतीतून फिरते आणि एकेकाला विचारते, "तुला काय सोसत न्हाई?" सांगायला कुणी लाजत नाही. लग्नाच्या बोलणीतही तिथं मुलीकडचे हेच आधी सांगून टाकतात. आणि कधीतरी पंगतीतलं एखादं परगावचं माणूस म्हणतं, "तीळ." मग वाढपी जागच्या जागी थांबतात. समोरचा दाढीमिशांचा बाप्या असला तरी म्हातारी त्याच्याजवळ बसते, त्याच्या तोंडावरून हात फिरवते आणि म्हणते, "किती उशीर क्येलास गं, तुळसा. जेव आता."