कमळांखालचा डोह

एका गावाच्या मधून नदी वाहत होती. शाळा या तीरावर आणि निम्म्या मुलांची घरं त्या तीरावर. नदीत एक मोठा काळा खडक होता. खडकाच्या वरच्या अंगाला पाणी गुडघाभर, पण खालच्या अंगाला हत्ती बुडेल एवढा डोह. एक म्हातारी कोळीण रोज मुलांचा हात धरून त्यांना पलीकडे नेई.

पुढे म्हातारीची नजर गेली. ती शाळेत येऊन गुरुजींना म्हणाली, "मास्तर, माझ्यानं आता व्हायचं न्हाई. पोरांच्या डोक्यात वाट पक्की बसंल, असं भिंतीवर काहीतरी काढा."

चित्रकलेत गुरुजींचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि हे सर्वांत आधी गुरुजींनाच ठाऊक होतं. त्यांनी कोळशाने नदीच्या दोन रेघा ओढल्या, खडक काढला, डोहाच्या जागी काळा गोळा काढला. मग दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"छे! असलं तर पहिलीतलं पोरही काढेल. लोक काय म्हणतील?"

मग काय विचारता! आठ दिवस गुरुजींना जेवणाची शुद्ध नव्हती. नदीत मासे आले, काठावर बगळे आले, आभाळात इंद्रधनुष्य आलं. काळा डोह तेवढा डोळ्यांत खुपत होता, म्हणून त्याच्यावर गुलाबी कमळं काढली. सारा गाव बघायला लोटला.

म्हातारीही आली. ती मुलांना म्हणाली, "भिंतीकडं पाठ करा रं. आता सांगा, चित्रात काय काय हाय?"

"बगळे! मासे! कमळं!"

"आन् डोह कुठं हाय?"

कोणी खडकाच्या वर म्हणालं, कोणी खाली.

"मास्तर, डोहावरच कमळं काढलीत व्हय? ती फुलं पुसा," म्हातारी म्हणाली. "डोह दिसू द्या."

गुरुजींना राग आला. "आजी, तुम्हाला चित्र दिसत नाही, मग त्यातलं कळणार काय? रोज बघून बघून येईल मुलांच्या लक्षात."

म्हातारी काठी टेकत निघून गेली.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर तानी आणि तिची धाकटी बहीण दोघीच नदीवर आल्या.

"ताई, खडकाच्या कुठल्या अंगानं जायचं गं?"

तानीने डोळे मिटून आठवलं. "खालच्या अंगानं. चित्रात तिथं कमळं हायेत ना! थांब, आधी मी जाते."

धाकटी काठावर उभी राहून ओरडत राहिली. तानी परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी भिंतीला चुना फासला आणि पुन्हा कोळसा हातात घेतला. दोन रेघा, एक खडक, एक काळा गोळा. अर्ध्या घटकेत काम झालं. हे आधीही अर्ध्या घटकेतच झालं होतं.

समोर तानीची शाळेतच राहिलेली पाटी पडली होती. पोरीने गुरुजींचं चित्र मन लावून उतरवलं होतं. गुरुजींनी कमळं मोजली. भिंतीवर अकरा काढली होती, पाटीवरही अकराच होती. जे दाखवलं, त्यातलं ती काहीच विसरली नव्हती.

त्यानंतर रोज शाळा सुटताना गुरुजी मुलांना भिंतीकडे पाठ करायला लावत आणि विचारत, "डोह कुठे?" सगळी मुलं एका सुरात बरोबर उत्तर देत. गुरुजी मात्र मान वर करून त्यांच्याकडे बघू शकत नसत.

तात्पर्य: मुलांच्या मनात जे ठसायला हवं, त्याच्या आड आपली हौस येऊ देऊ नये.