न उठलेले विणकर

फार फार मागची गोष्ट. ऐका, पण ऐकताना मागे वळून बघू नका.

एका शेटजींनी सात डोंगरांपलीकडच्या परमुलखात बारा विणकर कामाला ठेवले. ठेवले म्हणजे काय, नुसतं पत्र धाडलं: "उद्यापासून मागावर बसा, सतरंज्या विणा."

"अहो, तिथे आपलं एखादं माणूस नको का?" बायकोने विचारलं.

"कशाला? पत्र जातं, माल येतो. झालं!" मोठे हुशार ना शेटजी!

माल येत राहिला. मग एका वर्षी सतरंज्या ओलसर आल्या. पुढच्या वर्षी त्यांत लांब पांढरे केस विणलेले निघाले. सोबत एका विणकराच्या बायकोची चिठ्ठी होती: "कुणाला तरी पाठवा." शेटजींनी उत्तर धाडलं, "माल वेळेवर येतोय, मग माणूस कशाला?" असं तीनदा झालं. शेवटी एक सतरंजी उलगडली, तर आतून नख पडलं. शेटजींच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते स्वतःच निघाले.

गावात कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. फक्त माग वाजत होते, खटक्, खटक्. बारा जण ओळीने बसलेले. पायांवर शेवाळ, डोळे मिटलेले आणि हात मात्र चालू. दारात एक म्हातारी उभी होती.

"बाई, यांना झालंय तरी काय?"

"आमच्याकडची रीत आहे, शेटजी. संध्याकाळी मालकाच्या माणसाने समोर येऊन 'उठा' म्हटल्याशिवाय विणकर उठत नाही. तुम्ही बसवलंत, उठवायला कोण होतं? माझ्या नवऱ्याला मी तेवीस वर्षं इथेच भरवतेय. बाकीच्यांना भरवणारं कुणी उरलं नाही. आता तरी म्हणा हो!"

शेटजी मागांसमोर येऊन उभे राहिले. "उठा," ते कसेबसे म्हणाले.

माग थांबले. अकरा अंगरखे रिकामे होऊन खाली पडले. बाराव्याने डोळे उघडले.

"झाली का गं संध्याकाळ?" त्याने विचारलं आणि बायकोच्या मांडीवर डोकं टेकलं. ते त्याने पुन्हा उचललं नाही. म्हातारीने हंबरडा फोडला.

शेटजी काही घरी परतले नाहीत. दिवस मावळताना त्या गावात रिकाम्या मागांपुढून कुणीतरी "उठा, उठा" म्हणत फिरतं, असं सांगतात.

म्हणून लक्षात ठेवा: परमुलखात माणसं कामाला ठेवायची, तर तिथली रीत जाणणारं आपलं माणूस आधी तिथे ठेवावं.