रेवाचे काटे आणि आमची वही

जंगल होतं, जंगलात शाळा होती आणि शाळेत मी, साळुंकी, होते. त्यामुळे शाळेत शांतता नव्हती.

आमच्या वर्गात रेवा नावाची साळिंदर होती. पलीकडच्या डोंगरात सुरुंग उडाला, तेव्हापासून तिला ऐकू येत नव्हतं. घुबड गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवायचे, म्हणजे त्यांची चोच बघून समजून घ्यायचीही सोय नाही. शुक्रवारी 'सापळे ओळखणे' या धड्याची परीक्षा होती. नापास होणाऱ्याला वर्षभर एकट्याने चरायला जायची बंदी. आणि रेवाला बिळात बसायचा भयंकर कंटाळा.

तिने मागितलं एवढंच, की कुणीतरी शेजारी बसून धडा लिहून द्या.

मी लगेच लेखनिक स्वयंसेवक दल काढलं. दलप्रमुखाची निवडणूक घेतली. उमेदवार मी एकटीच होते, तरी प्रचार केला. निवडून आल्यावर म्हणाले, "हा विजय माझा नाही, रेवाचा आहे!" रेवाला ऐकू गेलं नाही, म्हणून तिच्या वतीने पंखही मीच फडफडवले.

मग लक्षात आलं, लेखण्याच नाहीत. माकड म्हणालं, साळिंदराच्या काट्याचं टोक झकास असतं. लाभार्थीचा सहभाग म्हणून आम्ही रेवाचेच नऊ काटे उपटले. ती कळवळली. इतिवृत्तात 'भारावून गेली' अशी नोंद आहे.

सोमवारी उद्घाटन झालं. मंगळवारी स्वयंसेवकांचा सत्कार. त्यांनी अजून काही लिहिलं नव्हतं, पण लिहिणार होते ना. बुधवारी सत्काराबद्दल आभारसभा. सगळं तासाच्या वेळेतच, कारण मधल्या सुट्टीत कोण येतं? तिन्ही दिवस मी बोलले. छानच बोलले.

गुरुवारी चाळीस पानांची वही रेवाला समारंभपूर्वक दिली. तिने ती उभ्या उभ्या चाळली.

"दलप्रमुखबाई, यात धडा कुठे आहे? ही तर सगळी तुझी भाषणं."

मी पाहिलं. दलाने मान मोडून लिहिलं होतं, पण समोर जे चालू होतं तेच. मी म्हणाले, अगं, अक्षर तरी बघ. रेवा वही घेऊन निघून गेली. हे इतिवृत्तात नाही.

परीक्षेत एकच प्रश्न आला: सापळा कसा ओळखावा? रेवाने लिहिलं, 'वर हार असतो, शब्द गोड असतात, आपल्याच भल्याचं बोलणं चालू असतं, आत काहीच नसतं आणि बाहेर पडेपर्यंत आपले काटे गेलेले असतात.'

गुरुजींनी पैकीच्या पैकी गुण दिले.

आम्ही तिचं उत्तर 'योजनेचं घवघवीत यश' म्हणून माझ्या मोठ्या चित्रासकट फाटकावर लावायचं ठरवलं. फलक ठोकायला खिळे नव्हते. पण रेवाकडे अजून बरेच काटे होते.