विद्याधरची तोंडी परीक्षा

एका गावात विद्याधर नावाचा एक भोळा पोरगा होता. विद्या काय ती नावातच. तालुक्याच्या कॉलेजात तो जीवशास्त्र शिकायचा आणि बाईंचा शब्द न् शब्द पाळायचा. समजून घ्यायचा त्रास मात्र त्याने कधी घेतला नाही. वडिलांनी बजावलं होतं, "यंदा तोंडी परीक्षेत उडालास, तर मामाच्या गिरणीवर दळण दळायला जायचं."

एकदा परुळेकर बाईंनी वर्गात सांगितलं, "तेल पाण्यात मिसळत नाही. साबण घातला की मिसळतं."

घरी आमटीवर तेलाचा तवंग तरंगत होता. विद्याधरने पातेल्यात साबणाची वडी सोडली. आमटीला फेस आला. आईच्या तोंडालाही आला.

बाई म्हणाल्या, "मठ्ठा, साबण भांड्यांना! खाल्लेलं तेल फोडायला पोटात पित्त असतं."

"बरं," विद्याधर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आत्या कपाळ धरून बसली होती. "विद्या, पित्त झालंय रे. काहीतरी दे."

विद्याधरने वाटीभर गोडं तेल दिलं. "पी. पित्ताला काम मिळू दे."

काढा समजून आत्या डोळे मिटून प्यायली. पुढचं अंगणाने पाहिलं.

"तेलाचा नाद सोड!" बाई ओरडल्या. "प्रथिनं वाच. अंडं उकडल्यावर घट्ट का होतं? उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, ती परत बसत नाही. केस, नखं, रेशीम, सगळी प्रथिनंच."

"बरं."

घरी ताई वडिलांच्या रेशमी उपरण्यावर कोळशाची इस्त्री फिरवत होती. "ताई, घडी मोडेल!" म्हणत विद्याधरने इस्त्रीवर कळशी ओतली. उपरण्यावर काळा चिखल झाला. मग वडिलांनी विद्याधरची घडी घातली.

परीक्षेच्या सकाळी बाईंनी हे ऐकलं आणि हात टेकले. "तुझं डोकं पोकळ आहे!"

विद्याधरचा चेहरा पडला. बाईंना दया आली. तिथेच त्या चुकल्या.

"अरे, तसं सगळंच पोकळ. अणूच्या मधोमध इवलंसं केंद्रक, बाकी जवळजवळ रिकामी जागा. तू, मी, हे टेबल, सगळे अणूंचेच."

"म्हणजे माणूससुद्धा रिकामा?"

"हो रे बाबा. आता आत जा. रिकामी खुर्ची बघून बस आणि विचारतील तेवढंच बोल."

आत दोन खुर्च्या होत्या. एक लाकडी, तिचा पाय लुळा. दुसरी गादीची. तिच्यावर बाहेरगावचे परीक्षक, प्राध्यापक उखिडवे, बसले होते. विद्याधरने दोन्हींकडे पाहिलं. विचार केला. जन्मात पहिल्यांदाच केला. मग सावकाश जाऊन तो उखिडव्यांच्या मांडीवर बसला.

प्राध्यापकांचा चष्मा उडाला. "गाढवा, ऊठ! खुर्चीत मी आहे, मी!"

विद्याधरने मान वळवली आणि अदबीने म्हणाला, "असाल ना, सर. पण फार थोडे."