मध्ये साबण

एका गावात सखाहरी नावाचा एक भोळा गडी राहायचा. त्याच्याकडं एक म्हैस होती, चार शेळ्या होत्या आणि चांगुणा नावाची बायको होती. बायको होती म्हणून बाकीचं टिकलं होतं.

त्यांचं पोर, दिगू, अजून रांगत होतं. दर पंधरवड्याला त्याला हगवण लागायची आणि कमावलेलं अंग निघून जायचं. चांगुणाला घास गोड लागत नव्हता. उठताबसता ती त्याच्या टाळूवर हात ठेवून बघायची.

एक दिवस मोठ्या दवाखान्याच्या बाई आल्या. जनावरं पाळणाऱ्यांनी साबणाने हात धुतले तर घरातली दुखणी कमी होतात का, ते त्या घरोघर तपासत होत्या. त्यांनी दिगूला झोळीच्या काट्याला लावलं. वजन बघून तोंड वाकडं केलं. मग साबणाची वडी तोलून सखाहरीच्या हातात दिली.

"म्हशीला हात लावला की हात धुवायचा. महिन्याने येते. वडी झिजलेली दिसली पाहिजे आणि बाळ भरलेलं."

सखाहरी धारेला बसला. सडाला हात लावला, उठला, हात धुतला. परत बसला, हात लावला, परत उठला. म्हशीने थोडा वेळ वाट बघितली आणि पान्हा चोरला.

"अहो, दूध कुठाय?"

"म्हशीतच आहे. हात मात्र स्वच्छ आहेत."

चांगुणाने कपाळाला हात लावला. "काम उरकलं की मग धुवायचे हो, एकदाच."

"असं होय. मग आधी सांगायचं नाही का."

त्यानंतर वडीला पाणी लागेना. एका संध्याकाळी सखाहरी कोपरापर्यंत शेणाने भरलेला आला आणि पाळण्याकडं वाकला.

"थांबा. हात धुतले का?"

"काम कुठं उरकलंय? म्हैस आहे तोवर काम आहे."

तिने मध्ये पडून पोर उचललं. त्याच रात्री त्याला पुन्हा जुलाब झाले. सकाळी ती म्हणाली, "काम उरको न उरको, खायच्या आधी धुवायचे. निदान तेवढं करा."

"असं होय. मग आधी सांगायचं नाही का."

दुपारी शेजारची गोदाकाकी सांगत आली, "चांगुणे, तुझा नवरा ओढ्यावर शेळ्यांचे पाय धुतोय. पंगत बसवणार हाय का?"

चांगुणा धावली. सखाहरी घामाघूम झाला होता. "ह्या दर झुडपाला खातात गं. धुऊन धुऊन मी दमलो."

"शेळ्यांचे नाही हो, आपले." ती खाली बसली. तिला रडू येत होतं. "हे बघा, सगळं विसरा. म्हैस आणि बाळ, या दोघांच्या मध्ये साबण पाहिजे. एवढं एकच ध्यानात ठेवा."

हे मात्र सखाहरीला पटलं. आणि नवल म्हणजे, पुढं घरात काही घडलं नाही. साबण भिंतीच्या कोनाड्यात असायचा. भिंतीच्या अलीकडं पाळणा, पलीकडं म्हैस. सखाहरी येताजाता बघायचा, साबण मध्येच आहे. निर्धास्त व्हायचा. चांगुणाने धार स्वतःकडं घेतली, पोराला त्याच्या हातात देईना, आणि उठल्याबसल्या हात धुवायला लागली. पोराची हगवण थांबली.

महिना भरला. बाई शाळेच्या ओट्यावर काटा मांडून बसल्या. दिगू निजलेला होता, म्हणून चांगुणा एकटीच नंबर धरायला पुढं गेली. जाताना म्हणाली, "उठला की हात धुऊन घ्या त्याला. वडी आणा. आणि म्हशीला पाणी दाखवायचं विसरू नका."

चांगुणाचा नंबर आला. बाईंनी नाव पुकारलं. तिने रस्त्याकडं बघितलं.

रस्त्याने म्हैस येत होती. पोटापर्यंत भिजलेली, आणि शेपटीने अंगावर पाणी उडवत. तिच्या पाठीवर कुंची घातलेला दिगू बसला होता. सखाहरी त्याचं बखोट धरून शेजारून चालत होता. म्हशीच्या दोन्ही अंगांनी पांढरा फेस ओघळत होता.

"अहो, हे काय?"

"सगळं केलं. हात धुतले, पाणी दाखवलं, वडी आणली."

"वडी कुठाय?"

"मध्ये. म्हैस खाली, बाळ वर, मध्ये साबण." आणि दाखवायला त्याने हात सोडला.

दिगू फेसावरून सरकला. चांगुणाने पदर पसरून झेप घेतली आणि पोर अलगद पदरात आलं. ते हसत होतं.

बाईंनी दिगूला झोळीत घातलं. काटा मागच्या खुणेच्या पुढं गेला. चांगुणाने डोळे पुसले. मग बाईंनी म्हशीच्या पाठीवरून नखाएवढा तुकडा सोलून काढला.

"बाळ भरलंय," त्या म्हणाल्या. "वडीही झिजलीय. पण सखाहरीभाऊ, पोर पडलं असतं की."

"पडलं कुठं? सुटून आलं," सखाहरी म्हणाला. "मध्ये साबण नसता तर म्हशीलाच चिकटून बसलं असतं."